दहा वजा करा

त्या बुधवारी मामी सकाळी सहालाच तयार होऊन बसल्या. दुकान उघडायचं दहाला, ते घरापासून पंधरा मिनिटांवर, आणि ज्या चावीसाठी एवढी घाई चालली होती ती हातात पडायची दुपारी चारनंतर. पण हे त्यांच्या पायांना कोण समजावणार? स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या चालू होत्या. पडद्याच्या कापडाच्या दुकानात तीस वर्षं कात्री चालवल्यावर मालकांनी त्यांना शब्द दिला होता, की पुलापलीकडे आपण नवं दुकान काढतोय आणि तिथल्या प्रमुख तुम्ही. प्रमुख. गेल्या आठ दिवसांत हा शब्द त्यांनी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणून पाहिला होता, की आता तो झिजायला आला होता.

येरझाऱ्यांना आणखी एक कारण होतं, ते म्हणजे नवे बूट. मामींचे यजमान, ज्यांना ओघानेच सगळे मामा म्हणत, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. प्रमुखबाईंच्या पायात काहीतरी शोभेसं हवं म्हणून त्यांनी स्वतःच्या अकलेने बूट आणले, आणि स्वतःच्याच अकलेने अर्धा नंबर लहान आणले.

"परत करून येतो," मामा म्हणाले. "नाही म्हणाला तर दोन शब्द सुनावून येतो."

"कशावरून सुनावणार? फाटलेत? उसवलेत?"

"तसं नाही."

"मग बुटात दोष नाही. चांगला माल आपल्याला बसला नाही, रंग आवडला नाही, म्हणून दुकानदारानं तो परत घ्यायलाच हवा असं सहसा काही नसतं. त्यानं आपणहून कबूल केलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पावती बघू."

पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: न वापरलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल.

"हे बघा, लिहून दिलंय, म्हणजे आता बांधला गेला. आवाज चढवायचा नाही, नुसता कागद पुढे करायचा. पण न वापरलेला असं म्हटलंय त्यानं." एवढं बोलून झाल्यावर मामींच्या लक्षात आलं, की बोलणारी बाई तेच बूट घालून सकाळपासून घरभर फिरते आहे. त्या सतरंजीवर मटकन बसल्या, बूट काढले, तळवे पुसले, आतला कागद होता तसा कोंबला आणि खोका मामांच्या हातात दिला.

"तुझ्यापुढे वकीलसुद्धा पाणी भरेल," मामा म्हणाले, आणि खोका काखोटीला मारून निघाले. मामी जुन्या चपला अडकवून निघाल्या.

मामी कुणाच्या मामी, हे विचाराल तर कुणाच्याच नाहीत. आत्ताचे मालक शाळेत असताना त्यांना मामी म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि पगाराच्या कागदावरचं नाव वाचून आता त्या स्वतःच क्षणभर थबकतात. दुकानात शिरल्यावर उजव्या हाताला त्यांचं टेबल. लांबलचक, लाकडी, कडेने आकडे कोरलेली पितळी पट्टी ठोकलेलं. मागच्या भिंतीवर पाटी: अखंड कापड पावतीसह आठ दिवसांत परत घेतले जाईल. कापलेले कापड परत घेतले जाणार नाही. यात दुष्टपणा काही नाही. तागा परत आला तर तो दुसऱ्या कुणाला तरी विकता येतो, पण एकशे त्रेचाळीस सेंटिमीटरवर कापलेला तुकडा या जगात एकाच खिडकीच्या उपयोगाचा असतो.

म्हणूनच मामींनी कापण्याची एक रीत घालून दिली होती. गिऱ्हाइकानं माप आपल्या तोंडानं सांगायचं. मामी कापड पट्टीवर ओढणार. मग त्याचा काठ गिऱ्हाइकानं स्वतः धरायचा, बोटाखालचा आकडा मोठ्यानं वाचायचा, मामी विचारणार, "कापू?" आणि गिऱ्हाइकानं "कापा" म्हटल्याशिवाय कात्री उघडायची नाही. नवी माणसं हसायची. एका गृहस्थांनी तर, आपण कोर्टात शपथ घेतोय की काय, असं विचारलं होतं. पण काठ स्वतः धरलेला माणूस नंतर कुणाकडे बोट दाखवणार? तीस वर्षांत मामींच्या टेबलावरून गेलेला एक तुकडा परत आला नव्हता. मामींना याचा गर्व होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. नवं दुकान त्यांना मिळत होतं तेही याच गोष्टीवर. मालक येईल त्याला सांगायचे, "एक तुकडा परत नाही. विचारा कुणालाही."

आता टेपबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिनं घडवलं.

ज्यांच्याकडे घरी टेप नसायची त्यांना दुकान मापासाठी एक टेप द्यायचं. चौदा वर्षांपूर्वी कापता कापता मामींच्याच कात्रीखाली त्या टेपचं तोंड आलं आणि पहिले दहा सेंटिमीटर उडाले. मालकांचे वडील तेव्हा गल्ल्यावर बसत. त्यांनी टेप टाकू दिली नाही. "बाकीची चांगली आहे की. दहा वजा करायला काय जातं?" तेव्हापासून टेप खुंटीवरून काढायची, वहीत नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायचा, आणि सांगायचं, "टेप दहापासून सुरू होते. येईल त्या मापातून दहा वजा करा." चौदा वर्षांत मामींनी हे इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता त्यासाठी त्यांना डोकं लागत नसे. हात खुंटीकडे गेला की तोंड आपोआप सुरू व्हायचं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला दुकानात चष्मेवाली आली. तरुण मुलगी, कोपऱ्यावरच्या गाळ्यात डोळे तपासायचं स्वतःचं दुकान काढणारी. मागच्या आठवड्यात तिनं डोळे तपासायच्या खोलीसाठी दाट काळं कापड नेलं होतं, दोन खिडक्या आणि एक काचेचं दार. आज तेच कापड तिनं घडी घालून टेबलावर ठेवलं, अगदी अलगद.

"मामी, कापडात काही दोष नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. चूक माझी आहे. सगळेच तुकडे आखूड झालेत. पाटी मी वाचली आहे, तेव्हा परत घ्या असं म्हणायला मला तोंड नाही. माझा भाऊ म्हणतो तक्रार कर, ग्राहक म्हणून तुझा हक्क आहे. कसला हक्क? आकडा मी सांगितला, काठ मी धरला, कापा मीच म्हणाले. फक्त एवढंच विचारायला आले, की तुम्ही हे निम्म्या किमतीत तरी ठेवून घ्याल का. परवा खोली तपासायला माणूस येणार आहे. खोलीत अंधार नसेल तर परवानगी अडकेल, आणि नवं कापड घ्यायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही."

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. वाटेत दहा वेळा घोकून आली असणार.

नव्या दुकानाच्या सामानाची यादी करत बसलेल्या मालकांनी मान वर केली. "ताई, तुम्ही स्वतःच समजूतदारपणे बोलताय म्हणून बरं वाटलं. पण कापलेल्या कापडाचं मी काय करू?"

"किती आखूड?" मामींनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. मन पुलापलीकडेच होतं.

"दहा. तिन्ही तुकडे बरोबर दहा. तुमच्या टेपनं घेतलेली मापं काल भावाच्या टेपनं पुन्हा मोजली. मला तर कळेनाच. एखादं माप चुकेल, पण तिन्ही एकसारखी कशी चुकतील? मी बहुतेक दोनदा वजा केले असतील."

मामींनी मान हलवली आणि काहीतरी सहानुभूतीचं बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर खुंटीकडे गेली.

खुंटीवर टेप होती. पिवळी, लवचीक, कोरी. तिचं पत्र्याचं तोंड चकाकत होतं आणि त्याच्या शेजारी छापला होता एक. एक, दोन, तीन, चार.

नव्या दुकानासाठी सामान घेताना मालकांनी या दुकानालाही एक नवी टेप आणली होती. कधी? दोन आठवडे झाले. जुनी त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकली होती आणि वर म्हणाल्याही होत्या, चला, सुटलो एकदाचे. आणि दुसऱ्याच दिवसापासून हात खुंटीकडे जात होता आणि तोंड सुरू होत होतं. येईल त्या मापातून दहा वजा करा.

मुलीनं दोनदा वजा केले नव्हते. एकदाच केले होते, मामींनी सांगितले म्हणून. आणि एकदाही करायचे नव्हते.

मी मामींची गोष्ट सांगतोय म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो. मामी गप्प बसल्या. चांगल्या मिनिटभर. मुलगी स्वतःला दोष देत होती, मालकही तेच धरून चालले होते, आणि खरं काय ते या जगात फक्त एका बाईला माहीत होतं, जिला चार वाजता प्रमुख व्हायचं होतं. एक तुकडा परत नाही. विचारा कुणालाही. नुसतं गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं.

मुलगी कापड परत पिशवीत भरू लागली. घडी नीट बसेना तेव्हा ती पुन्हा उलगडून, काठाला काठ जुळवून घालू लागली. मामींना ते बघवेना.

"ठेव ते कापड खाली," त्या म्हणाल्या. "चूक तुझी नाही. माझी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेप खुंटीवरून काढून टेबलावर पसरली, पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. त्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मुलगी आधी टेपकडे, मग मामींकडे बघत राहिली.

मालकांनी यादी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चिडावं की हसावं हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी दुकानदाराला शोभेल तो मार्ग धरला.

"ठीक आहे. ताई, आमच्याकडून एक सदिच्छा म्हणून आम्ही तुम्हाला..."

"सदिच्छा नाही," मामी म्हणाल्या.

"मामी, मी देतोय ना बदलून? मग त्याला काय म्हणायचं यावरून कशाला वाद?"

"फरक पडतो. तिला कापड नुसतं नकोसं झालं असतं, तर आपण दिलं असतं ती मेहेरबानी होती, आणि नसतं दिलं तरी कुणी आपल्याला बोल लावला नसता. कापडात दोष नाहीच. दोष आपल्या सांगण्यात होता. तिनं आपल्या टेपनं मोजलं, आपण सांगितलं तसं वजा केलं आणि त्यावर विश्वास ठेवून काठ धरला. तेव्हा हा तिचा हक्क आहे. सदिच्छा म्हणून दिलंत तर ती आपले आभार मानत घरी जाईल. आभार कसले? तिची माफी मागायला हवी."

मग मामी उठल्या आणि मागून काळ्या कापडाचा शेवटचा तागा घेऊन आल्या. तो नव्या दुकानाच्या दर्शनी काचेसाठी राखून ठेवला होता, हे मालकांना माहीत होतं आणि मामींना त्याहून जास्त माहीत होतं. तागा टेबलावर धपकन पडला.

"माप सांग. काही वजा न करता."

मुलीनं सांगितलं. काठ धरला. आकडा वाचला.

"कापू?"

"कापा," मुलगी म्हणाली, आणि कात्री अशी सळसळत गेली, की गेल्या कित्येक महिन्यांत मामींच्या हाताला इतकी मजा आली नव्हती. तिन्ही तुकडे झाले. पैशाचं नाव कुणी काढलं नाही. मुलगी नवी पिशवी छातीशी धरून निघाली, दारापर्यंत जाऊन परत आली, तिनं मामींचा कात्रीचा हात तसाच कात्रीसकट दाबला आणि धावतच गेली.

टेबलावर परत आलेले तीन तुकडे राहिले. तीस वर्षांतले पहिले.

"नव्या दुकानाचं," मालक यादीत डोकं घालून म्हणाले, "जरा नंतर बघू."

पण त्याची खंत करायलाही मामींना फुरसत नव्हती, कारण डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. त्यांनी टेपची वही ओढली, नवी टेप आली ती तारीख काढली आणि बोट खाली सरकवत नेलं. चष्मेवाली धरून पाच नावं.

"पाच जणांना सांगितलंय मी. एक झाली. चार राहिले."

"त्यांची काही तक्रार आली आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. मामी, आता बस झालं. ज्यांना काही वाटलं नाही त्यांच्या दारात जाऊन आमचं चुकलं म्हणून कशाला ओरडायचं? तिनं सांगितलं, आपण दिलं, विषय संपला."

"तक्रार कशी येईल? ती मुलगी तरी तक्रार घेऊन आली होती का? ती माझीच चूक म्हणत आली होती. बाकीचे तेवढंही म्हणायला आले नसतील."

मालक काही बोलणार, त्याआधी मामींनी दुकानाचा फोन पुढे ओढला, आवाज मोठा करायचं बटण दाबलं आणि दुसरा नंबर लावला. चार वाजता मिळणारी चावी तशीही हातची गेली होती. मग आता भ्यायचं कशाला? खरं सांगायचं तर त्या क्षणी मामींना भीती वाटतच नव्हती. अंगात वारं भरलं होतं.

दुसरं नाव एका मास्तरांचं होतं. गणिताचे मास्तर, कधीच निवृत्त झालेले. अर्ध्या वस्तीला वजाबाकी त्यांनीच शिकवली होती. त्यांनी बैठकीच्या खोलीसाठी निळं कापड नेलं होतं.

"मास्तर, मी पडद्याच्या दुकानातून मामी बोलतेय. पडदे कसे झाले?"

"पडदे छान आहेत. कापड उत्तम आहे. माझंच माप चुकलं. खालून दहा कमी पडले. सूनबाईनं दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून घेतली आहे. वाईट दिसत नाही."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

"येऊन काय सांगू? कापडात काही दोष नव्हता. दोष इथे आहे." इथे म्हणजे कुठे, हे फोनवर दिसत नव्हतं, पण मामींना कळलं. "वय झालं, मामी. दहा वजा करायला मला आता जमत नाही. नात संध्याकाळी गणितं घेऊन यायची माझ्याकडे, तिला आता दुसरीकडे पाठवतात. बरोबरच आहे त्यांचं. सोमवारी मला डॉक्टरकडे नेणार आहेत, स्मरणशक्ती तपासायला."

मालकांनी यादीवरचं पेन खाली ठेवलं.

"मास्तर, ऐका," मामी म्हणाल्या. "टेप नवी होती. ती एकपासूनच सुरू होत होती. दहा वजा करायला मी सांगितलं, सवयीनं, आणि ते चूक होतं. तुम्ही मोजलंत ते बरोबर मोजलंत. वजाबाकीही बरोबर केलीत. तुमचं काहीही चुकलेलं नाही. कापड मी बदलून देते, आजच आणून देते."



"पुन्हा एकदा सांगा," मास्तर म्हणाले.

"तुमची वजाबाकी बरोबर होती."

"कापड राहू द्या. तेवढ्यासाठी दमू नका. फक्त हे एवढं माझ्या सूनबाईला सांगाल का? मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा काहीतरी रचून सांगतोय." आणि फोन तसाच धरून ते घरात हाका मारू लागले, पहिला नंबर आलेल्या पोराच्या आवाजात.

मामींनी हाताच्या पाठीने डोळे पुसले. तेवढ्यात मालक उठून टेबलाशी आले आणि फोनकडे वाकले.

"नमस्कार, मी दुकानाचा मालक बोलतोय. तुमच्या सासऱ्यांची काहीही चूक नव्हती. चूक आमच्या दुकानाची आहे. हवं तर लिहून देतो. कापड आम्ही आज घरी आणून देऊ, ते नको म्हणाले तरी."

पलीकडून सूनबाई काय म्हणाल्या ते धड ऐकू आलं नाही, कारण मागे मास्तर नातीला गणिताचं पुस्तक घेऊन यायला सांगत होते.

फोन ठेवल्यावर मालक थोडा वेळ परत आलेल्या तीन तुकड्यांकडे बघत उभे राहिले. त्यांनी एक तुकडा उचलला, हातावर घेतला, परत ठेवला. मामी वहीत डोकं घालून बसल्या होत्या. वर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"पुढचं नाव कोण?" मालकांनी विचारलं.

मामींनी बोट ठेवून दाखवलं. मालकांनी वही स्वतःकडे फिरवली, चष्मा वर सारला, एकेक आकडा नीट बघून नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला.

"एक मिनिट थांबा," मालक म्हणाले, "आमच्या नव्या दुकानाच्या प्रमुख तुमच्याशी बोलतायत." आणि त्यांनी फोन मामींच्या हातात दिला.